ऐकणारा तो शिष्य

आंजर्ल्याच्या व्याख्यानमालेत कामगार संघटनेच्या माणसाने उभे राहून ख्रिस्ताच्या शिष्यत्वाविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. किमान वेतन, कंत्राटी कामगार, बोनस असा एखादा विषय घेतला असता तर ते रीतसर झाले असते. शिवाय आम्ही ख्रिस्ती नाही, पाद्री नाही आणि पंडित तर नाहीच नाही. शाळा लवकर सुटली. पुढे जे वाचले ते संघटनेच्या कचेरीत, रात्री सभा संपल्यावर. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, हा प्रश्न कोणी विचारला तर तो वाजवीच म्हणावा लागेल.

आमचे उत्तर इतकेच की, या विषयाच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो आम्हाला तीस वर्षे रोज पडत आला आहे. माणसाने कोणाचे ऐकावे आणि का ऐकावे? कारखान्याच्या गेटवर उभे राहून आम्ही कामगारांना सांगत आलो की, साहेब म्हणतो म्हणून खाली मान घालू नका. आणि त्याच तोंडाने सांगत आलो की, संघटनेचा ठराव झाला की तो पाळा, एकटा-दुकटा फुटू नका. एका हाताने आज्ञाभंग शिकवायचा आणि दुसऱ्या हाताने आज्ञापालन! यात विसंगती आहे काय? याचा शोध घेताना आम्ही बायबलापर्यंत आणि पुढे रेव्हरंड टिळकांपर्यंत जाऊन पोचलो. तेथे जे दिसले ते आपल्यापुढे ठेवतो.

हा विषय आंजर्ल्याला परका नाही

खाडीपलीकडे हर्णै आहे. १८२३ सालापासून स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पाद्री बाणकोट आणि हर्णै येथे राहू लागले. १८२९ साली मुंबईस उतरलेले जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचे कॉलेज आज मुंबईत आहे, ते मराठी भाषा शिकण्यासाठी प्रथम याच किनाऱ्यावर आले होते. या मंडळींनी येथे शाळा चालविल्या, मुलांना वाचायला शिकविले. शिष्य म्हणावे असे लोक मात्र त्यांना फारसे मिळाले नाहीत. पुढे त्यांचे ठाणे येथून हलले आणि काम मुंबई-पुण्याकडे गेले.

पण याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावात १८६१ साली एका चित्पावन ब्राह्मणाच्या घरी एक मुलगा जन्मला. ज्यांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता आपल्यापैकी कित्येकांनी शाळेत पाठ केली, ते नारायण वामन टिळक ते हेच. पाद्र्यांना शाळा काढून जो शिष्य येथे मिळाला नाही, तो पुढे कोणाही पाद्र्याने न बोलावता आपल्या पायांनी चालत गेला. तो का गेला, कसा गेला आणि त्याची किंमत कोणी दिली, हे समजले म्हणजे शिष्यत्व हा शब्द समजला असे आम्हाला वाटते.

आधी शब्दाचा उलगडा

शिष्य म्हणजे शिकणारा. बायबलाचा नवा करार मूळ ग्रीक भाषेत आहे. त्यातही या ठिकाणी जो शब्द येतो त्याचा अर्थ शिकणारा असाच आहे. अनुयायी, भक्त, सभासद हे सारे नंतरचे. आणि आज्ञापालन म्हणजे काय? आपल्या मराठीत याला एक घरगुती शब्द आहे, तो म्हणजे ऐकणे. ‘पोरगा ऐकत नाही’ असे आई म्हणते, तेव्हा पोराला कमी ऐकू येते असा तिचा अर्थ नसतो. कानावर पडणे आणि त्याप्रमाणे वागणे या दोहोंना मराठी माणसाने एकच शब्द ठेवला, ही फार शहाणपणाची गोष्ट आहे. ऐकले पण केले नाही, तर ऐकलेच नाही!

परंतु मुकादमाचे ऐकणे आणि गुरूचे ऐकणे यांत भेद आहे. मुकादमाचे आपण पगार कापला जाईल म्हणून ऐकतो. तो पाठमोरा झाला की हात थांबतो. गुरूचे आपण ऐकतो ते त्याच्यापाशी आपल्याला हवे असलेले काही आहे म्हणून, आणि तो समोर नसतानाही ऐकतो. पहिल्या प्रकाराला ताबेदारी म्हणावे. दुसरे ऐकणे माणसाने आपण होऊन पत्करलेले असते. ख्रिस्ती लोक ज्याला विश्वास आणि आज्ञापालनाचे जीवन म्हणतात, ते या दुसऱ्या जातीचे आहे, निदान असायला हवे.

सरोवराकाठची गोष्ट

येशूचे पहिले शिष्य कोळी होते. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही कथा लवकर समजेल. गालील सरोवराच्या काठी पेत्र आणि आंद्रिया हे भाऊ पाण्यात जाळे टाकत होते. याकोब आणि योहान हे दुसरे दोघे भाऊ होडीत बसून जाळी नीट करीत होते. येशूने त्यांना आपल्या मागे यायला सांगितले आणि ते गेले. कथा केवढीशी! पण मार्काच्या पुस्तकात तिला एक शेपूट आहे, आणि आमच्या धंद्यामुळे आमची नजर नेमकी तेथे अडकली. याकोब व योहान यांचा बाप जब्दी होडीत मागे राहिला आणि त्याच्याबरोबर मजूर होते, असे मार्क लिहितो. म्हणजे ही मंडळी अगदी कंगाल नव्हती, चार माणसे कामावर ठेवण्याइतका त्यांचा धंदा होता. तो त्यांनी सोडला.

शिष्यत्वाची पहिली खूण येथे दिसते. आधी सारा सिद्धांत पटवून घ्यावा, परीक्षा द्यावी आणि मग पाऊल उचलावे, असा क्रम या कथेत नाही. पाऊल आधी पडते, समज मागाहून येते, आणि तीही चुकत-माकत येते. हाच पेत्र पुढे संकटाच्या रात्री, आपण त्या माणसाला ओळखतसुद्धा नाही, असे तीन वेळा म्हणाला. तरीही त्याला काढून टाकले नाही. शिकणारा चुकणारच. पण नुसते ‘हो’ म्हणून घरी बसणाऱ्याविषयी येशूने जी गोष्ट सांगितली ती कडक आहे. एका बापाने दोन मुलांना द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगितले. एक ‘जात नाही’ म्हणाला, पण मागाहून पस्तावून गेला. दुसरा ‘जातो’ म्हणाला आणि गेला नाही. यांत बापाचे ऐकले कोणी? आमच्या संघटनेत या दोन्ही मुलांची आम्हाला चांगली ओळख आहे. वर्गणीची पावती फाडून घोषणा देणारे पुष्कळ. पावसात गेटवर उभे राहणारे थोडे, आणि त्यांत सभेत आमच्याशी कडाकडा भांडलेले काही जण हमखास असतात.

टिळकांची दोन वर्षे

टिळकांच्या बाबतीत हे पाऊल एका क्षणात पडले नाही. लहानपणी आई गेली, वडील कडक, मुलगा घर सोडून नाशिकला गेला. तेथे संस्कृत शिकला. १८८० साली लग्न झाले. पुढे नोकऱ्या धरल्या, सोडल्या. गावोगाव फिरणे झाले. सर्व माणसांना समान मानणारा आणि जातिभेदाच्या पलीकडे नेणारा धर्म कोणता, हा ध्यास त्यांच्या मनाने घेतला होता. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने नव्या कराराची प्रत हाती दिली आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी शब्द दिला म्हणून ते पुस्तक वाचायला घेतले. डोंगरावरील प्रवचनाशी आले आणि तेथे त्यांचे मन गुंतले.

मग दोन वर्षे झगडा. वाचन, पत्रव्यवहार, शंका, आणि सर्वांत मोठी भीती आप्तांची. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८५० सालच्या कायद्याने धर्म बदलणाराचा वारसाहक्क राखला होता हे खरे. पण कायदा वाडा देतो; विहिरीवरचे पाणी, पंगतीतले पान आणि सोयरीक काही देत नाही. टिळकांना काय मिळणार होते? विद्वान ब्राह्मण म्हणून समाजात मान होता, तो गेला. नातेवाईक गेले. बायको-मुलगा गेला.

किंमत कोणी दिली?

येथे आम्हाला थांबावेसे वाटते, कारण शिष्यत्वावरची बहुतेक व्याख्याने ही जागा टाळून पुढे जातात. लक्ष्मीबाईंना या निर्णयात कोणी विचारले नव्हते. नवरा धर्म सोडून गेला ही बातमी त्यांच्यावर वीज पडावी तशी पडली. लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षे माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. विधवा नाही आणि सवाशिणीचा मानही नाही, अशी ती अवस्था. १९३४ पासून चार भागांत निघालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकात त्यांनी हे सारे सांगितले आहे, आणि नवऱ्याचा तापटपणा किंवा हातातले पैसे वाटून टाकण्याची खोडही लपविलेली नाही. संताची बायको होणे किती अवघड असते, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने ते पुस्तक वाचावे.

आम्हालाही हा धडा उशिरा मिळाला. एका कारखान्यात आमच्या सांगण्यावरून संप झाला. दीड महिना चालला. एका जुन्या सभासदाच्या घरी धीर द्यायला म्हणून आम्ही गेलो, तर चहा देता देता वहिनी म्हणाल्या, “भाऊ, सभेत हात वर केला तो ह्यांनी. चूल बंद पडली ती माझी. मला कोणी विचारलं?” आम्ही मान खाली घातली. दुसऱ्याच्या चुलीवर आपले तत्त्व शिजविणे सोपे असते. तेव्हापासून संपाचा ठराव मांडण्यापूर्वी घरच्या बायामाणसांची सभा घ्यायची, असा नियम आम्ही स्वतःला घालून घेतला.

टिळकांचा मोठेपणा आम्हाला दिसतो तो बाप्तिस्म्याइतकाच त्यानंतरच्या वाट पाहण्यात. १८६६ च्या कायद्याने धर्म बदललेल्या माणसाला, जोडीदार नांदायला तयार नसेल तर, कोर्टातून लग्न मोडून घेता येत असे. त्यांनी तो रस्ता धरला नाही. लक्ष्मीबाई परत आल्या त्या आपले सोवळे, आपले देव घेऊनच आल्या. घरात दोन धर्म नांदू लागले. जात देवाने केली की माणसाने, याचा विचार त्या बाईने स्वतःच्या डोक्याने केला, ती माणसाने केली असे ठरविले आणि मग कोणाच्याही हातचे पाणी प्यायला मोकळ्या झाल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागे फरफटत जाणे आणि स्वतः ऐकून जाणे यांत जे अंतर आहे ते त्यांनी चालून दाखविले. पेत्रालाही बायको होती. त्याच्या सासूचा ताप येशूने उतरविल्याची कथा बायबलात आहे, आणि पुढे पेत्र बायकोला बरोबर घेऊन फिरत असे, हे पौलाच्या पत्रावरून कळते. ती कधी आणि कशी बरोबर आली हे कोणी लिहून ठेवले नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतःपुरते तरी लिहून ठेवले, हे मराठीवर त्यांचे उपकार आहेत.

पोटासाठी गेले काय?

आता एक रोकडा प्रश्न. ‘टिळकांचे ठीक आहे हो, पण बाकीचे लोक दुष्काळात धान्यासाठी, शाळेसाठी, दवाखान्यासाठी गेले, त्याला शिष्यत्व म्हणायचे काय?’ आमिष दाखवून किंवा धाक घालून माणूस फिरविणे वाईटच. घटनेच्या २५ व्या कलमाने सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले आहे ते यासाठीच. पण भुकेल्या माणसाकडे बोट दाखविण्यापूर्वी थोडे थांबावे. आमच्याकडे शंभरातले नव्वद लोक पगारवाढीसाठी सभासद होतात. आम्ही त्यांना हसत नाही. पाच-दहा वर्षांनी त्यांच्यातलाच एखादा दुसऱ्या खात्यातल्या अनोळखी कामगारासाठी आपला पगार बुडवून उभा राहतो, तेव्हा तो खरा सभासद झाला असे आम्ही समजतो. माणूस दारात कशासाठी आला यापेक्षा आत येऊन काय शिकला, हे पाहावे. आणि ज्यांना गावाने विहिरीवर चढू दिले नाही, त्यांनी पाणी कोठे शोधले याची चौकशी करण्याचा अधिकार गावाला किती, हाही प्रश्न आहेच. लहानपणी काही काळ दापोलीत राहिलेले बाबासाहेब आंबेडकर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध झाले, तेव्हा त्यांनी अनुयायांकडून बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. धर्म वेगळा, वाट वेगळी. पण नुसते नाव बदलून भागत नाही, वागणे बदलावे लागते, ही जाण तीच.

धनी एकच

विश्वासाने ऐकणारा माणूस सर्वांचेच ऐकू लागतो, अशी एक समजूत आहे. अनुभव उलटा आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि ज्या धर्मभगिनींच्या आश्रयाला त्या होत्या त्यांच्याशीच धर्ममतांवरून त्यांचा पत्रांतून वाद झाला. ख्रिस्ताचे ऐकेन, पण त्याच्या नावाने तुम्ही सांगाल ते सर्व ऐकणार नाही, असा त्या वादाचा रोख. टिळकही अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे काम करून १९१७ साली पगाराची नोकरी सोडून मोकळे झाले. एतद्देशीय ख्रिस्ती माणसाने परदेशी मिशनच्या ओंजळीने पाणी पिऊ नये, अभंग-कीर्तनाच्या देशी वाटेने ख्रिस्ताकडे जावे, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. पावती फाडली की नाही हे त्यांनी विचारले नाही. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते गेले. दरबार फार वाढला नाही.

जर्मनीत डीट्रिख बोनहोफर नावाचा एक तरुण पाद्री होता. त्याने १९३७ साली शिष्यत्वावर एक पुस्तक लिहिले. देवाची क्षमा फुकट मिळते म्हणून तिला स्वस्त समजू नका, तिच्या मागे चालावे लागते, असा त्याचा आशय. त्या वेळी जर्मनीतील पुष्कळ चर्चे हिटलरपुढे वाकली होती. बोनहोफर वाकला नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी दिले. एकाचे ऐकायचे ठरविल्यामुळेच त्याला दुसऱ्याला ‘नाही’ म्हणता आले. आमच्या गेटवरच्या विसंगतीचा उलगडा आम्हाला येथे झाला. ज्याने आपण होऊन कोणाचे तरी मनापासून ऐकायचे ठरविले आहे, त्यालाच इतरांचा हुकूम मोडण्याचे बळ येते. ज्याचा कोणीच धनी नाही तो बहुधा जवळच्या बलदंडाचा नोकर होतो.

यात धोका नाही असे मात्र आम्ही म्हणत नाही. देवाच्या नावाने माणसेच आज्ञा सोडतात. चर्चमध्ये सोडतात, मठांत सोडतात आणि युनियनच्या कचेरीतही सोडतात. आंजर्ल्याशेजारच्या मुर्डीत रँग्लर परांजपे जन्मले. त्यांनी देवावर विश्वास न ठेवण्याचे ठरविले आणि जन्मभर ते उघडपणे पाळले. बुद्धिवादी माणूस आम्हाला विचारील की, ऐकणे आले म्हणजे विचार संपला ना? आमचे उत्तर असे की, लक्ष्मीबाईंकडे पाहा. त्यांचे ऐकणे विचारातून आले, आणि ऐकल्यावरही विचार थांबला नाही. जो गुरू प्रश्न विचारू देत नाही, ज्याच्या आज्ञेची किंमत नेहमी दुसरेच कोणी तरी भरते, आणि ज्याचे ऐकल्याने माणूस दुबळ्यांपासून दूर जातो, त्याचे ऐकू नये. ही कसोटी आम्ही ख्रिस्ताच्या नावाने बोलणाऱ्यांना लावतो, आणि स्वतःलाही लावतो.

आंजर्ल्यातून कोणी ख्रिस्ती व्हावे म्हणून आम्ही हे बोललो नाही. कड्यावरच्या गणपतीला पायऱ्या चढून जाणाऱ्याने जावे, न जाणाऱ्याने न जावे. पण प्रत्येकाने रात्री अंथरुणाला पाठ टेकताना एकदा स्वतःला विचारावे की, आज दिवसभर आपण कोणाचे ऐकले? पैशाचे, जातीचे, पुढाऱ्याचे, की ज्याला आपण सकाळी हात जोडले त्याचे? उत्तर अडचणीचे निघाले तरी घाबरू नये. मळ्यात जात नाही म्हणालेला मुलगाही मागाहून गेला होता.